विकायची नसेल तर कॉलवर कशाला जाता?

या महिन्यात आलेल्या मेलांमध्ये निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत. मोठ्या कंपनीकडून "तुमच्याशी बोलायचंय" असा मेसेज आला, आता काय करायचं? नागपुरात आयटी पार्कपासून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वाडीपर्यंत सगळ्यांना एकदमच मागणी आली की काय बाप्पा, माहीत नाही, पण चांगलं आहे. बाकीचे जीएसटीचे आणि लोनचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स, भाड्याची बाकी, सगळं मोबाइलवर. तीनशेच्या वर ट्रान्सपोर्टर पैसे देऊन वापरून राहिले. मुंबईच्या एका मोठ्या लॉजिस्टिक कंपनीच्या कॉर्पोरेट डेव्हलपमेंट टीममधून लिंक्डइनवर मेसेज आला, तुमचं काम आवडलं, बोलूया. कॉल झाले दोन-तीन, भल्ले गोड बोलतात. आता ते महिनावारी रेव्हेन्यू, टॉप पन्नास कस्टमरची यादी अन् किती कस्टमर सोडून गेले ते मागून राहिले. आम्हाला कंपनी विकायची की नाही हेच अजून ठरलं नाही. पार्टनर म्हणतो, द्यायला आपलं काय जातं? काय करावं?
— वाडीवाला

उत्तर : पार्टनरला सांगा, जातं. बरंच जातं.

आधी हे लोक कोण ते समजून घ्या. मोठ्या कंपनीत कॉर्पोरेट डेव्हलपमेंट म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत घेणारी, कधी आपलाच एखादा धंदा विकणारी टीम. त्यात बहुतेक जण इन्व्हेस्टमेंट बँकेतून, कन्सल्टिंगमधून आलेले किंवा सीए असतात, बोलण्यात तयार, आणि दिवसभर लोकांशी बोलणं हेच त्यांचं काम. शंभर ठिकाणी बोलतील तेव्हा कुठं एखाददुसरी घेतील. तो तुमच्याशी तासभर बोलला तर त्याचा पगार चालू असतो, तुम्ही बोललात तर त्या दिवशीची डेमोची चक्कर बुडते, आणि तुम्ही दोघंच आहात.

आता तो फोन का करतो? खरंच घ्यायची असेल म्हणून करत असेल. किंवा त्यांच्याच आत एक टीम असंच सॉफ्टवेअर बनवत बसली असेल आणि साहेबानं विचारलं असेल की बनवायचं की विकत घ्यायचं, मग बाजारात कोण आहे, किती कमावतो, कुठं अडकतो याचा एक तक्ता करून द्यायचा असतो, त्या तक्त्यात तुम्ही एक ओळ असता. किंवा त्यांना तुमची कंपनी नकोच असते, तुमचे दोन चांगले डेव्हलपर पाहिजे असतात. गंमत म्हणजे कॉलवरच्या माणसाला स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसतं की यातलं नेमकं कोणतं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तुमचं काम आवडलेलं असतं, पण आवडणं आणि चेक फाडणं यात मुंबईचं अख्खं ऑफिस आडवं पडलेलं असतं.

म्हणून पुढच्या कॉलला एवढंच विचारा: हे प्रॉडक्ट तुमच्या कंपनीत पाहिजे कोणाला? त्या माणसाला कॉलवर आणा. म्हणजे ज्याच्या डोक्यावर त्या धंद्याचा नफातोटा आहे तो माणूस. तो आला आणि त्यानं विचारलं की आमच्या वेअरहाउसच्या सिस्टमला हे जोडायला किती दिवस लागतील, ड्रायव्हरला मराठी-हिंदीत दिसतं का, नेट नसलं तर बिल्टी निघते का, तर समजा विषय खरा आहे. आणि "आम्ही आतमध्ये चर्चा करून राहिलो, तोवर तुम्ही डेटा पाठवा" असं आलं तर तोवर तुम्ही काही पाठवू नका.

आता यादीचं. तुमच्या केसमध्ये तर ही यादी म्हणजे जीव आहे. विचार करा, समोरची कंपनी लॉजिस्टिकची. ती हेच ट्रान्सपोर्टर भाड्यानं लावते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता ट्रान्सपोर्टर नागपूर-भिवंडी काय भाड्यानं जातो, कोणाची किती बाकी कुठं अडकली, कोणाच्या गाड्या परतीला रिकाम्या येतात, हे सगळं पडलेलं आहे. ही माहिती त्यांच्या हाती लागली तर पुढच्या वेळी भाडं ठरवताना ते तुमच्याच कस्टमरची मान धरतील, आणि त्यासाठी त्यांना तुमची कंपनी घ्यायचीही गरज नाही. ट्रान्सपोर्टरनं तुमच्यावर भरवसा ठेवून दिलेली वही आहे ती. द्यायचंच झालं तर गेल्या बारा महिन्यांचा रेव्हेन्यू ढोबळ आकड्यात द्या, कस्टमर किती ते द्या, सोडून गेले किती टक्के ते द्या. नावं नाहीत. अगदी पुढं गेल्यावरही 'ग्राहक अ, ग्राहक ब' असंच, आणि नावं अगदी शेवटी, सह्या होताना. सोर्स कोड तर सह्यांच्या आधी कोणालाच नाही, फार झालं तर दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसानं तुमच्या ऑफिसात बसून पाहायचा.

पण हे सगळं नंतरचं. तुमचं खरं दुखणं चिठ्ठीतच लिहिलंय, विकायची की नाही हेच ठरलं नाही. मग राजेहो, कॉलवर कशाला जाता? असा कॉल म्हणजे ओळखपाळख नव्हे, ती सौद्याची पहिली बैठक असते, फक्त समोरच्याला ते माहीत असतं आणि तुम्हाला नसतं. त्यानं सहज विचारलेलं "पैसे किती दिवस पुरतील?", "मागच्या राउंडला, म्हणजे गुंतवणूक घेतली तेव्हा, कंपनीचं व्हॅल्युएशन काय होतं?", "तुमच्या डोक्यात काही आकडा आहे का?" यातलं काहीच सहज नसतं.

दोघांनी एका संध्याकाळी बसा. बोलू नका, आधी आपापल्या कागदावर आकडा लिहा, हातात इतके आले तर विकतो. मग कागद बदला. एकाचा तीन कोटी आणि दुसऱ्याचा पंधरा निघाला तर मुंबईवाल्यांचं राहू द्या, आधी आपसातलं मिटवा, कारण ते ही फट दुसऱ्याच कॉलमध्ये हेरतात आणि मग ज्याचा आकडा कमी त्याच्याशीच जास्त बोलतात.

नाही विकायची असं ठरलं तर सरळ कळवा की सध्या विकायचा विचार नाही, पण तुमच्या शाखांना वापरून पाहायचं असेल तर डेमो देतो, पायलटचा, म्हणजे चाचणीपुरत्या वापराचा, रेट अमुक. हे मला सगळ्यात आवडतं. पैसे देऊन वापरलं तर एक मोठा कस्टमर मिळाला, वर्षभरानं त्यांना खरंच घ्यावीशी वाटली तर तेव्हा मागणारी त्यांची स्वतःची ब्रँच मॅनेजर मंडळी असतील, लिंक्डइनवाला नाही. आणि नाही वापरलं तर आवड किती होती ते कळलंच.

विकायची असं ठरलं तर मात्र एकाच दारात उभं राहू नका. आणखी दोघा-तिघांना हळूच कळवा. एकटाच गिऱ्हाईक असला की भाव तो सांगेल तोच. आणि बँकेत वर्षभराचे पैसे असताना बोला, शेवटच्या तीन महिन्यांचे उरले असताना नाही, कारण ते त्यांना ताळेबंदात दिसतंच.

या सगळ्यात कोणी न सांगणारं नुकसान म्हणजे आपलं डोकं. एकदा का कोटीचा आकडा कानात गेला की माणूस धंदा करत नाही, हिशेब करतो. नवीन फीचर थांबतं, "डील झाल्यावर पाहू" म्हणून माणूस घेणं थांबतं, कळमेश्वरचा डेमो पुढं ढकलला जातो. तीन महिन्यांत वाढ बसते. आणि मग तोच गोड बोलणारा माणूस म्हणतो, आकडे थोडे सपाट दिसून राहिले, किमतीचा परत विचार करावा लागेल. काटोल-नरखेडच्या माणसाला हे सांगायला नको: व्यापारी येतो, बाग फिरून पाहतो, झाडावरच्या संत्र्याचा सौदा करतो, इसार देतो, मग दुसरे व्यापारी यायचे बंद होतात, आणि तोडणीच्या दिवशी तो म्हणतो कळमन्याच्या बाजारात भाव पडला. म्हणून नियम ठेवा, एकानंच बोलायचं, आठवड्यातले ठरलेले तास, दुसऱ्यानं धंदा पाहायचा आणि डीलचं नावही काढायचं नाही.

आणि हो, हे कॉल ऑफिसात घेऊ नका. वाडीत सकाळी टपरीवर बोललेलं दुपारपर्यंत अमरावती रोडभर होतं. "कंपनी विकून राहिले म्हणे" एवढं एकानं म्हटलं की रिन्यूअल अडकतं, ट्रान्सपोर्टर म्हणतो नवा मालक येऊ दे मग पाहू, आणि सपोर्टवाला पोट्टा दुसरीकडं इंटरव्ह्यू देऊन येतो. डील व्हायच्या आधीच अर्धी कंपनी हलते. झाली नाही तर ती परत बसवायला तुम्हीच आहात.

प्रश्न : समोरच्यांनी स्वतःहून एनडीए (माहिती गुप्त ठेवायचा करार) पाठवला आहे. तो सही केला की आपण सेफ ना? मग सगळं दाखवायला हरकत नाही?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : सही करा, पण सेफ समजू नका. त्यांनी तुमची आयडिया वापरली हे सिद्ध कोण करणार, तुम्ही. कोर्ट कुठलं, ते शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं आणि ते नागपूर नसतं. एनडीएमध्ये तीन जागा बघा. एक, 'रेसिड्युअल्स' नावाचा क्लॉज असेल तर काढायला लावा, त्याचा अर्थ असा की त्यांच्या माणसांच्या डोक्यात जे राहील ते वापरायला ते मोकळे. दोन, तुमच्या माणसांना ते वर्षभर तरी नोकरीवर घेणार नाहीत असं लिहून घ्या, बहुतेक वेळा हेच नसतं आणि हेच सगळ्यात कामाचं. तीन, तुम्ही त्यांच्याशी बोलताय ही गोष्टसुद्धा गुप्त धरली आहे का. बाकी, जे समोरच्याला कळल्यावर परत घेता येत नाही ते एनडीए असो नसो, उशिरा दाखवायचं. ज्यांच्याकडं लोकांची खासगी माहिती आहे, पेशंट, ड्रायव्हर, विद्यार्थी, त्यांनी तर ती दाखवायचीच नाही, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झालेला आहे, आणि कायदा नसता तरी नसती दाखवायची.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर देतो. धंतोली-रामदासपेठेपासून सुरू केलं, आता विदर्भाबाहेरही लॅब आहेत. आमच्या दोघींकडं प्रत्येकी ३५ टक्के, एका गुंतवणूकदाराकडं २० टक्के (त्यांनी २ कोटी टाकले, एक पट लिक्विडेशन प्रेफरन्स आहे, म्हणजे कंपनी विकली की तेवढे आधी त्यांना), ईसॉपचे, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरचे, १० टक्के. एका मोठ्या हेल्थकेअर कंपनीची १२ कोटींची टर्मशीट (सौद्याच्या मुख्य अटींचा कागद) आली आहे. निम्मे क्लोजिंगला (सौदा पूर्ण होताना), निम्मे पुढच्या तीन वर्षांत टार्गेटप्रमाणे. क्लोजिंगच्या पैशातले १५ टक्के दीड वर्ष एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याकडं अडकवून. १२० दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही अशी अट आहे. घरचे म्हणतात १२ कोटी काय रोज मिळतात, सही करून टाक. मलाही वाटतं करावी. पण पोटात गोळा येतो.
— धरमपेठ

उत्तर : ताई, गोळा बरोबर जागी आलाय. आधी १२ कोटींचं काय होतं ते पाहू, कागद-पेन घ्या.

१२ मधले ६ पुढचे, टार्गेटचे, ते आज शून्य धरा. उरले ६ कोटी. त्यातले १५ टक्के म्हणजे ९० लाख एस्क्रोत, राहिले ५ कोटी १० लाख. गुंतवणूकदाराचे प्रेफरन्सचे २ कोटी आधी जातात, ३ कोटी १० लाख. वकील, सीए, सल्लागार यांचे २० लाख धरू, कमीच धरतोय, राहिले २ कोटी ९०. हे तुम्ही दोघी आणि ईसॉपवाले मिळून वाटायचे, सगळे ईसॉप पक्के झालेत असं धरलं तर ८० मधले ३५ तुमचे, म्हणजे साधारण १ कोटी २७ लाख. शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवले असतील तर २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमानं अनलिस्टेड शेअरवर लाँग टर्म कॅपिटल गेन १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस, या रकमेला सगळं धरून १५ टक्क्यांच्या आसपास. १९ लाख गेले. हातात १ कोटी ८ लाख. एस्क्रोतल्या पैशावरचा टॅक्स आत्ताच भरावा लागेल का, पैसे आल्यावर, हे सीएला आधीच विचारा, नाहीतर न मिळालेल्या पैशावर टॅक्स भराल.

एक कोटी आठ लाख वाईट आहेत असं मी म्हणत नाही. म्हणतोय एवढंच की घरच्यांशी बोलताना १२ नाही, हा आकडा टेबलावर ठेवा. पटला तर पुढं जा.

आता १२० दिवस. टर्मशीटमधलं बाकी बरंचसं बांधील नसतं, किंमतसुद्धा नाही. पण गुप्ततेची आणि 'दुसऱ्याशी बोलणार नाही'ची अट बांधील असते. म्हणजे तुम्ही बांधल्या जाता, ते नाही. चार महिने तुम्ही कोणाशी बोलायचं नाही, गुंतवणूक उभी करायची नाही, आणि ते शेवटच्या आठवड्यात म्हणणार की ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे कंपनीच्या तपासणीत, अमुक निघालं, १२ चे ९ करू. तेव्हा तुमच्याकडं दुसरा कोणी नसतो आणि बँकेतलेही चार महिने संपलेले असतात. ४५ दिवस मागा, ६० पर्यंत ताणू द्या. आणि त्यात एक ओळ टाका: त्यांनी किंमत किंवा पैसे देण्याची पद्धत बदलली त्या क्षणी ही बंदी आपोआप संपली. चांगला खरेदीदार या ओळीला फारसे आढेवेढे घेत नाही. जो भांडतो त्याचं भांडण काय सांगतं ते तुम्हीच समजा.

मोठ्यांच्याही गोष्टी अशाच आहेत, फक्त शून्यं जास्त. २०१७ मध्ये फ्लिपकार्टनं स्नॅपडील विकत घ्यायचं कित्येक महिने चाललं, रोज पेपरात बातम्या, आणि जुलैअखेर स्नॅपडीलनं बोलणी थांबवली, आम्ही आमचं स्वतंत्र चालवू म्हणून सांगितलं. ऑनलाइन पेमेंटवाल्या पेयूची मालक प्रोसस तशीच दुसरी कंपनी बिलडेस्क घेणार हे तर ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं होतं, ४७० कोटी डॉलर, सप्टेंबर २०२२ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनची मंजुरीसुद्धा आली, आणि ऑक्टोबरमध्ये प्रोससनं काही अटी मुदतीत पूर्ण झाल्या नाहीत म्हणून करार संपवला. जाहीर झालेलं, मंजुरी मिळालेलंही मोडतं. तुमची तर अजून टर्मशीट आहे. म्हणून पैसे खात्यात येईपर्यंत लॅबच्या रिन्यूअलचा एक फोनही चुकवू नका.

टार्गेटवरचे, म्हणजे अर्नआउटचे, ६ कोटी मी शून्य धरले ते उगाच नाही. डील झाल्यावर सॉफ्टवेअरची किंमत ते ठरवणार, सेल्सची माणसं ते देणार किंवा काढणार, तुमचं प्रॉडक्ट त्यांच्याच दुसऱ्या एखाद्या पॅकेजबरोबर फुकट वाटायचं हेही तेच ठरवणार, आणि टार्गेट मात्र तुमचं. म्हणून टार्गेट नफ्यावर कधीच नको, नफ्यात हेड ऑफिसचा खर्च घालता येतो. लॅबची संख्या किंवा रेव्हेन्यू यावर ठेवा, त्यात फुकट दिलेल्या लॅबही मोजायच्या असं लिहा. अर्धं टार्गेट झालं तर अर्धे पैसे, सगळं नाही तर शून्य असं नको. आणि तुम्हाला विनाकारण काढलं किंवा धंदाच बंद केला तर उरलेले सगळे पैसे लगेच, ही ओळ नसेल तर सही करू नका, यावर मी अडून बसेन. आणखी एक, हे पैसे तुम्ही नोकरीत राहण्यावर बांधले असतील तर ते शेअरचे पैसे न धरता पगार म्हणून टॅक्स लागू शकतो, मग १२.५ नाही, तुमचा स्लॅब.

पुढच्या पानांवर दोन गोष्टी लपलेल्या असतील. एक, इन्डेम्निटी, म्हणजे जुनं काही निघालं तर तुम्ही भरून द्यायचं. त्याला वरची मर्यादा पाहिजे, वर्षांचीही आणि रकमेचीही. मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त देणं लागू शकेल अशी भाषा मी वाचलेली आहे. दुसरं, पुढची अमुक वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही. कोणीतरी तुम्हाला सांगेल की भारतात असली अट चालतच नाही, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ आहे. अर्धं खरं आहे. नोकरी सोडल्यावर लागू होणाऱ्या अटीला कोर्टं सहसा दाद देत नाहीत, पण त्याच कलमात धंद्याचं गुडविल विकणाऱ्याला अपवाद आहे, वाजवी मर्यादेत अट लागू होते. तुम्ही गुडविल विकताय. म्हणून 'हेल्थकेअर' असा सगळा दवाखाना त्यात येऊ देऊ नका, 'लॅब रिपोर्टिंग सॉफ्टवेअर' एवढंच लिहून घ्या आणि दोन वर्षं पुरे.

वकील करा. घरातला, जमिनीचे खटले चालवणारा काका नको, हेच काम करणारा. महाग वाटेल. वरचं एक कलम जरी बदललं तरी फी निघते.

सही करायची की नाही ते मी सांगणार नाही. पण त्यांनी दिलेली तारीख ही त्यांची तारीख आहे. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले असतील तर पुढच्या बुधवारी सांगा, कोणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मी गायत्रीनगर आयटी पार्कमधल्या एका स्टार्टअपमध्ये नोकरीला आहे. साहेब आजकाल बंद दारामागं कॉल घेतात, दोनदा बाहेरचे लोक येऊन आमचं आर्किटेक्चर समजून गेले, "ऑडिट आहे" म्हणून सांगितलं. माझ्याकडं ईसॉप आहेत. मला काही मिळेल का? साहेबांना विचारू का?
— नाव नको

उत्तर : साहेबांना आत्ता विचारलं तर ते खोटं बोलतील, आणि त्यांना बोलावंच लागेल, एनडीएमध्ये बांधलेले असतात. तुम्ही आपलं कपाट उघडा. ग्रँट लेटर आणि ईसॉपची स्कीम, दोन्ही कागद शोधा, नसेल तर एचआरकडं मागा, तो तुमचा हक्क आहे आणि त्यानं कोणाला संशयही येत नाही. त्यात बघा, किती पक्के झाले, एक वर्षाच्या आत तर काहीच पक्कं होत नाही, तो नियमच आहे. कंपनी विकली तर पक्के न झालेल्यांचं काय, लगेच पक्के होतात, नव्या कंपनीत बदलून मिळतात की रद्द, हे स्कीममध्ये असतं किंवा 'बोर्ड ठरवेल' असं असतं. बोर्ड ठरवेल असं असेल तर फार स्वप्नं पाहू नका. वरच्या ताईंच्या हिशेबात तुम्ही कुठं बसता तेही पाहिलं असेल. टॅक्स दोनदा, शेअर घेताना पगारासारखा आणि विकताना नफ्यावर. आणि नवीन कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं तर जुन्या नोकरीची वर्षं ग्रॅच्युइटीला धरली आहेत का तेवढं बघा.

प्रश्न : मी वेकोलितून (सरकारी कोळसा कंपनी) रिटायर झालेला माणूस. पोट्ट्यानं चांगली नोकरी सोडून कंपनी काढली, आता कोणीतरी ४ कोटी देत होतं तर नाही म्हणून बसला. मी बोललो तर म्हणतो बाबा, फेसबुकनं याहूला नाही म्हटलं होतं. हे काय उत्तर झालं? अशी ऑफर परत येते का?
— मनीषनगर

उत्तर : काका, हे उत्तर तर सगळेच पोट्टे देतात. खरंय ते, २००६ मध्ये याहू फेसबुकला १०० कोटी डॉलर देत होती आणि त्यांनी नाही म्हटलं. पण त्याला याच याहूचं पुढचं सांगा. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट याहूला सुमारे ४,४६० कोटी डॉलर देत होती, याहूनंही नाहीच म्हटलं, आणि २०१७ मध्ये अलीबाबातला हिस्सा वगैरे वेगळा ठेवून इंटरनेटचा धंदा व्हेरायझनला ४४८ कोटी डॉलरांत गेला. म्हणजे नाही म्हणण्यानं काहीच सिद्ध होत नाही, कोणत्या तब्येतीत नाही म्हटलं ते महत्त्वाचं.

४ कोटी म्हणजे त्याच्या हातात किती, ते वरच्या ताईंसारखं त्याच्याकडून करून घ्या, कदाचित तुमचाच राग अर्धा होईल. ऑफर परत येते का? धंदा वाढत असला तर येते, पुष्कळदा त्याच कंपनीची, पुष्कळदा तिच्या स्पर्धकाची. धंदा बसला तर तेच लोक फोन उचलत नाहीत. म्हणून त्याला ऑफरचं विचारणं सोडा, फक्त विचारा, आत्ता आहेत तेवढ्या पैशात कंपनी किती महिने चालते. वर्षाच्या वर म्हणाला तर निवांत झोपा. चार महिने म्हणाला तर हा अंक त्याच्या टेबलावर ठेवून द्या. आणि "बाबा, तसं नसतं ते" असं म्हणाला तर त्याच्या आईला विचारायला सांगा, तिला तो खरा आकडा सांगेल.